फळांच्या सालींनी पाण्यातील प्रदूषके काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केळी, संत्री, मोसंबी, आंबा, डाळिंब अशा फळांच्या साली वापरून पाण्यातील जड धातू आणि रंग काढता येतात, ही माहिती आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांपर्यंत सर्वत्र पोहोचली आहे. तिच्याबरोबर काही गैरसमजही पसरले आहेत, आणि त्यांपैकी काही थेट पिण्याच्या पाण्याशी निगडित असल्यामुळे घातक ठरू शकतात. विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी आणि गृहिणी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांना केवळ घरगुती वापराबद्दल जाणून घ्यायचे आहे, त्यांनी प्रश्न ३ आधी वाचावा.

१. फळाची साल पाणी शुद्ध करते म्हणजे नेमके काय करते?

साल मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि लिग्निन या पदार्थांची बनलेली असते. या पदार्थांवर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल आणि फिनॉलिक असे रासायनिक गट असतात. कार्बॉक्सिल गटांनी मुळात कॅल्शियम, पोटॅशियम किंवा हायड्रोजनचे आयन धरून ठेवलेले असतात. शिसे, तांबे, कॅडमियम यांचे धन प्रभार असलेले आयन पाण्यातून सालीजवळ आले की त्या आयनांना बाजूला सारून त्यांची जागा घेतात. प्रदूषक अशा रीतीने पृष्ठभागावर चिकटून राहण्याच्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : प्रदूषक नष्ट होत नाही, ते पाण्यातून सालीवर जाते. पुढच्या अनेक उत्तरांचा, विशेषतः प्रश्न १५ च्या उत्तराचा, आधार हाच आहे.

२. कोणत्या फळाची साल सर्वांत चांगली?

सर्व प्रदूषकांसाठी सर्वोत्तम अशी एकही साल नाही. संत्रे, मोसंबी, लिंबू यांच्या सालींत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे धातूंच्या आयनांसाठी त्या उपयुक्त ठरतात. केळीच्या सालीवर शिसे आणि तांब्याच्या संदर्भात बरेच काम झाले आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन खूप असते. टॅनिन धातूंना धरते, पण पाण्यात विरघळून पाणी पिवळट-तपकिरीही करते, म्हणून ती साल न धुता वापरणे योग्य नाही. आपल्या भागात जी साल सतत आणि स्वच्छ स्वरूपात मिळते तीच निवडावी, असे मी सुचवेन, कारण सालीच्या जातीपेक्षा ती कशी तयार केली आहे याचा परिणाम अनेकदा मोठा असतो (प्रश्न ६ पाहा).

३. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात केळीची साल टाकून ठेवली तर पाणी शुद्ध होईल का?

नाही. कृपया असे करू नये. ताजी साल पाण्यात ठेवल्यावर तिच्यातील शर्करा, रंगद्रव्ये आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात आणि त्यांवर जिवाणू झपाट्याने वाढतात. सालीवर कीटकनाशकांचे किंवा फळ पिकवण्यासाठी वापरलेल्या रसायनांचे अवशेष असू शकतात. शिवाय साल रोगजंतू मारत नाही, आणि आपल्याकडे पाण्यातून होणारे बहुतेक आजार जंतूंमुळेच होतात. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांपासून बचाव करायचा असेल तर पाणी उकळणे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन वापरणे यांना सालीचा पर्याय नाही. पाण्यात जड धातू असल्याची शंका असल्यास नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ते पाणी उकळूनही उपयोग नाही, कारण उकळल्याने धातू जात नाहीत.

४. ब्राझीलमध्ये केळीच्या सालीने नदीचे पाणी शुद्ध केल्याची बातमी वाचली होती. ती खोटी होती का?

बातमी खोटी नव्हती, पण तिचा अर्थ ताणला गेला. साओ पाउलो राज्य विद्यापीठाच्या बोटुकातू येथील संशोधकांनी २०११ मध्ये केळीच्या सालीच्या भुकटीने पाराना नदीच्या पाण्यातील तांबे आणि शिसे पकडून दाखवले, आणि तीच भुकटी ११ वेळांपर्यंत वापरता येते असे नोंदवले. त्या कामाचा एक महत्त्वाचा हेतू विश्लेषणाचा होता. पाण्यातील अत्यल्प धातू मोजण्याआधी तो एका ठिकाणी गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी साल स्वस्त साधन ठरते. घरोघरी नळाचे पाणी सालीने गाळावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पुढे २०१३ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून सफरचंद आणि टोमॅटोच्या सालींवरचे काम प्रसिद्ध झाले, आणि त्या बातम्यांचेही असेच झाले.

५. साल टाकल्यावर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) मीटरचा आकडा कमी होण्याऐवजी वाढला. माझे काही चुकले का?

काही चुकलेले नाही, असेच होणे अपेक्षित आहे. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते, शिसे किंवा कॅडमियम ओळखत नाही. केळीच्या सालीत पोटॅशियम भरपूर असते आणि ते पाण्यात उतरल्यामुळे आकडा चढतो. याच कारणाने टीडीएस कमी असलेले पाणी धातुमुक्त असेलच असे नाही.

६. प्रयोगासाठी सालीची भुकटी कशी तयार करावी?

साल नळाच्या पाण्याने चोळून धुवावी, बारीक तुकडे करावेत आणि आधी सावलीत, मग ६० ते ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावेत. ताज्या सालीच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असते, त्यामुळे हाती येणारी भुकटी अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरते. वाळलेले तुकडे दळून चाळणीने सारख्या आकाराचे कण वेगळे करावेत. अगदी पिठासारखी भुकटी वेगाने काम करते, परंतु नंतर पाण्यातून वेगळी करणे जिकिरीचे होते. त्यानंतर ही भुकटी ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी. वरचे पाणी रंगहीन दिसेपर्यंत धुणे थांबवू नये. याच पायरीवर कंटाळा केल्याने अनेक प्रयोग फसतात.

सालीची क्षमता वाढवायची असल्यास चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करता येते. पेक्टिनमधील कित्येक कार्बॉक्सिल गट मिथिल एस्टरच्या रूपात बांधलेले असतात. चुन्यासारख्या आम्लारीमुळे ते मोकळे होतात आणि धातू धरण्यासाठी अधिक जागा तयार होतात.

७. आमच्या प्रयोगात ९० टक्के शिसे निघाले. मग ते पाणी सुरक्षित झाले असे म्हणता येईल का?

बहुधा नाही. या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट टक्केवारी आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

समजा, दर लिटरला ५० मिलिग्रॅम शिसे असलेले १०० मिलिलिटर पाणी घेतले, त्यात अर्धा ग्रॅम भुकटी टाकली आणि शेवटी पाण्यात दर लिटरला ५ मिलिग्रॅम शिसे उरले. टक्केवारी ९० आली. प्रत्येक ग्रॅम भुकटीने ९ मिलिग्रॅम शिसे धरले, हा आकडाही चांगला आहे. परंतु भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) शिशाची मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे '९० टक्के शुद्ध' झालेल्या या पाण्यात मर्यादेच्या ५०० पट शिसे शिल्लक आहे. किती निघाले याने पाण्याची सुरक्षितता ठरत नाही, किती उरले याने ठरते. अहवालात उरलेली मात्रा मानकाशेजारी लिहिली नसेल, तर टक्केवारीवर विसंबू नये.

यात आणखी एक अडचण आहे. प्रदूषक जसजसे कमी होत जाते, तसतसे प्रत्येक ग्रॅम सालीवर धरले जाणारे त्याचे प्रमाणही घटते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९१८ मध्ये मांडलेले समीकरण या संबंधाचे वर्णन करते. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रावरील कामासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दर लिटरला ५० मिलिग्रॅम असताना मोजलेली क्षमता ०.०५ मिलिग्रॅम असतानाही तशीच राहील, असे गृहीत धरून केलेले हिशेब त्यामुळे कोलमडतात.

८. पाण्याच्या पीएचला एवढे महत्त्व का दिले जाते?

पीएच फार कमी, म्हणजे पाणी खूप आम्लधर्मी असेल, तर हायड्रोजनचे आयन सालीवरील जागा अडवून बसतात आणि शिसे, कॅडमियम यांना वाव राहत नाही. या धातूंसाठी साधारण ४ ते ६ ही पीएचची कक्षा अनुकूल असते. त्याहून बरेच वर गेल्यास धातूचा हायड्रॉक्साइड बनून साका खाली बसू लागतो. तेव्हा पाण्यातला धातू कमी झालेला दिसतो, पण त्याचे श्रेय सालीचे नसते. म्हणून तोच पीएच ठेवून, भुकटी न घातलेली एक बाटली नेहमी सोबत ठेवावी. पीएचचा सर्वांत मोठा गोंधळ क्रोमियमच्या बाबतीत होतो (प्रश्न ११ पाहा).

९. प्रयोगशाळेत उत्तम चाललेली भुकटी विहिरीच्या पाण्यात चालली नाही. असे का झाले?

प्रयोगशाळेत बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात शिशाचा क्षार विरघळवलेला असतो, त्यामुळे सालीवरील जागांसाठी स्पर्धक नसतात. विहिरीच्या पाण्यात, विशेषतः आपल्या दख्खनच्या बेसाल्ट खडकातून आलेल्या पाण्यात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतात, आणि त्यांचे आयनही धन प्रभाराचेच असतात. प्रमाण किती विषम असते ते पाहा : कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दर लिटरला २०० मिलिग्रॅम काठिण्य म्हणजे २ मिलिमोल आयन (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक), तर दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम शिसे म्हणजे सुमारे ०.०००२४ मिलिमोल. शिशाच्या एका आयनामागे स्पर्धेत आठ हजारांहून अधिक आयन उभे असतात. शिसे सालीला अधिक घट्ट धरते हे खरे, तरीही इतक्या गर्दीत क्षमता घटतेच. म्हणून ज्या पाण्यासाठी साल वापरायची आहे, तेच पाणी घेऊन प्रयोग करावा.

१०. फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेटसाठी साल उपयोगी आहे का?

साध्या सालीचा यासाठी फारसा उपयोग नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट ऋण प्रभाराचे असतात, आणि नेहमीच्या पीएचला सालीचा पृष्ठभागही ऋण असतो. आर्सेनिकचे त्रिसंयुजी रूप नेहमीच्या भूजलात प्रभारहीन असते, त्यामुळे त्याला आयनांची अदलाबदल लागूच होत नाही.

प्रक्रिया केलेल्या सालीची गोष्ट निराळी आहे. जपानमधील सागा विद्यापीठात संत्र्याचा रस काढून उरलेल्या चोथ्यावर झिर्कोनियम, लॅन्थेनम यांसारखे धातू बसवून आर्सेनिक काढण्याचे काम झाले. प्रश्न ४ मध्ये उल्लेखलेल्या सिंगापूरच्या गटानेही झिर्कोनियम बसवलेल्या सफरचंदाच्या सालीने फॉस्फेट, आर्सेनेट आणि क्रोमेट पकडून दाखवले. येथे खरे काम झिर्कोनियम करतो आणि साल त्याला आधार देते. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत फ्लोराइडची समस्या असलेल्या गावांसाठी मात्र सिद्ध झालेले मार्गच वापरावेत : पर्यायी स्रोत, सक्रिय ॲल्युमिना, किंवा नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले, तुरटी आणि चुना वापरणारे नालगोंडा तंत्र. लहान मुलांच्या दातांवर आणि हाडांवर होणारा परिणाम पुन्हा भरून येत नाही, म्हणून तेथे प्रयोग करत बसण्याची वेळ नसते.

११. पीएच २ ला साल क्रोमियम पूर्ण काढते असे आम्हाला आढळले. हे प्रश्न ८ च्या उत्तराशी विसंगत नाही का?

विसंगत नाही, कारण षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असते. तीव्र आम्लात सालीच्या पृष्ठभागावर धन प्रभार येतो आणि तो या ऋण आयनांना ओढतो.

परंतु येथे एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी लोकही अडकतात. सालीतील फिनॉलिक पदार्थ आम्लात षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, त्रिसंयुजी क्रोमियम बनवतात. त्रिसंयुजी क्रोमियम धन आयन असते आणि पीएच २ ला ते सालीला नीट चिकटत नाही, म्हणून त्याचा बराचसा भाग पाण्यातच राहू शकतो. आता डायफिनाइलकार्बाझाइडची जांभळा रंग देणारी नेहमीची चाचणी केली, तर ती फक्त षट्संयुजी क्रोमियम दाखवते. रंग आला नाही की क्रोमियम गेले असे वाटते, प्रत्यक्षात त्याने रूप बदललेले असते. त्रिसंयुजी रूप खूपच कमी विषारी आहे, त्यामुळे हा बदल निरुपयोगी नाही, परंतु तो 'काढणे' म्हणून नोंदवू नये. एकूण क्रोमियम अणुशोषण यंत्रावर किंवा तत्सम पद्धतीने स्वतंत्रपणे मोजावे. पिण्याच्या पाण्याच्या मानकातील दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादाही एकूण क्रोमियमसाठीच आहे.

१२. इचलकरंजी, सोलापूरसारख्या ठिकाणच्या कापड प्रक्रियेचे रंगीत सांडपाणी सालीने स्वच्छ होईल का?

रंगाच्या प्रकारावर ते अवलंबून आहे. मिथिलिन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट यांसारखे धन प्रभाराचे रंग साल सहज धरते, आणि बहुतेक प्रात्यक्षिकांत हेच रंग असतात. सुती कापडासाठी मात्र ऋण प्रभाराचे रिॲक्टिव्ह रंग मोठ्या प्रमाणावर वापरले जातात, आणि साधी साल ते फारसे धरत नाही. सांडपाण्यात मीठ आणि सोडाही बराच असतो. मिथिलिन ब्लूवरचा यशस्वी प्रयोग म्हणजे कापड सांडपाण्यावरचा उपाय, असे समीकरण मांडू नये.

१३. विज्ञान प्रदर्शनासाठी सुरक्षित प्रयोग कसा करावा?

विद्यार्थ्यांनी शिसे, कॅडमियम किंवा क्रोमियमचे क्षार हाताळू नयेत, असा माझा ठाम आग्रह आहे. त्याऐवजी शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणाऱ्या मिथिलिन ब्लूचे फिकट द्रावण वापरावे, हातमोजे घालावेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे.

तीन बाटल्या घ्याव्यात : पहिलीत रंग आणि भुकटी, दुसरीत केवळ रंग, तिसरीत केवळ पाणी आणि भुकटी. दुसरी बाटली रंग आपोआप किती फिका होतो ते सांगते. तिसरी बाटली सालीतून स्वतःचा किती रंग उतरतो ते दाखवते, आणि तीच बहुतेक जण विसरतात. भुकटी वेगळी करताना गाळणकागद वापरू नये, कारण कागदाचे सेल्युलोजही मिथिलिन ब्लू शोषते आणि निकाल खोटा चांगला येतो. भुकटी तळाशी बसू द्यावी आणि वरचे पाणी अलगद काढून घ्यावे. कलरिमीटर उपलब्ध असेल तर लाल प्रकाशात, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, मोजमाप करावे. नसल्यास ज्ञात सौम्यतेच्या द्रावणांची रांग करून तुलना करावी. निकाल कसा मांडावा यासाठी प्रश्न ७ पाहावा.

१४. साल जाळून कोळसा केला तर जास्त चांगले काम होईल का? आणि निवळी किंवा शेवग्याच्या बिया हाच प्रकार आहे का?

उघड्यावर जाळल्यास प्रामुख्याने राख मिळते. सक्रिय कार्बन बनवण्यासाठी हवा रोखून कित्येक शे अंश तापमान द्यावे लागते आणि वाफ किंवा फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनाने त्यात सूक्ष्म छिद्रे तयार करावी लागतात. अशा कार्बनच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतो, तर कच्च्या सालीचा सहसा काही चौरस मीटरच असतो. सेंद्रिय प्रदूषके, वास आणि क्लोरीन यांसाठी कार्बन निश्चितच सरस आहे. धातूंसाठी मात्र तो सरस असेलच असे नाही, कारण उच्च तापमानात कार्बॉक्सिल गट नष्ट होतात.

निवळी आणि शेवग्याच्या बियांचे काम वेगळे आहे. त्या पाण्यातील गढूळपणाच्या सूक्ष्म कणांना एकत्र आणून तळाशी बसवतात. विरघळलेल्या धातूंवरचा तो उपाय नव्हे.

१५. वापरलेल्या सालीचे कंपोस्ट करता येईल का?

धातू धरलेल्या सालीचे कंपोस्ट कधीही करू नये, ती जनावरांनाही घालू नये. साल कुजली की धातू पुन्हा मातीत मोकळा होतो आणि पिकात जाऊ शकतो. प्रथम सौम्य हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्लाने धातू उतरवून साल पुन्हा वापरता येते, परंतु त्या आम्लात आता सारा धातू एकवटलेला असतो, तेव्हा त्याचीही व्यवस्था करावी लागते. प्रत्येक फेरीत सालीचा काही भाग झिजतो आणि क्षमता उतरते. शेवटी उरलेल्या सालीला २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या चौकटीत हाताळावे लागते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याच्या सामाईक सुविधा आहेत. मिथिलिन ब्लूच्या शालेय प्रयोगातील थोडी भुकटी वाळवून, पिशवीत बंद करून शिक्षकांकडे द्यावी.

१६. संत्र्याच्या सालीपासून पारा काढणारा पदार्थ बनवला आहे म्हणतात. तीही भुकटीच का?

नाही. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात जस्टिन चॉकर यांच्या गटाने २०१५ मध्ये सालीतील तेलात असणारे लिमोनिन आणि पेट्रोलियम उद्योगातून उरणारे गंधक यांच्यापासून एक बहुवारिक (पॉलिमर) बनवले. पारा आणि गंधक यांच्यातील आकर्षण प्रबळ असल्यामुळे ते पाऱ्याला धरते, आणि पाऱ्याच्या क्षाराच्या संपर्कात त्याचा रंगही बदलतो. कच्च्या सालीकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

१७. नागपुरात संत्री आणि जळगावात केळी एवढी होतात, तरी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर का दिसत नाही?

बागांमधून फळ बाहेर जाते आणि साल घरोघरी, दुकानांत विखुरते. एका जागी ढिगाने साल मिळते ती रस, गर आणि वेफर्सच्या कारखान्यांत, तीही हंगामापुरती. ओली साल दोन-तीन दिवसांत कुजू लागते, तिची वाहतूक म्हणजे मुख्यतः पाण्याची वाहतूक, आणि वाळवायला इंधन लागते. नळकांड्यात भरलेली भुकटी फुगून प्रवाह अडवते, म्हणून तिचे दाणे बांधावे लागतात आणि खर्च वाढतो. शिवाय संत्र्याच्या सालीला पेक्टिन, तेल आणि पशुखाद्य हे चांगले भाव देणारे पर्याय आहेत. माझ्या मते तेल आणि पेक्टिन काढल्यानंतर जे उरते, त्याकडे या कामासाठी पाहावे, आणि वाळवण्याची सोय रस कारखान्याच्या आवारातच असावी.

१८. माझा छोटा प्लेटिंगचा कारखाना आहे. मी सालीचा वापर सुरू करू शकतो का?

मुख्य प्रक्रियेच्या जागी नव्हे, तिच्यानंतरची पायरी म्हणून विचार करता येईल. आधी चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून बहुतांश धातू साक्याच्या रूपात बसवावा, मग पीएच अनुकूल कक्षेत आणून उरलेल्या थोड्या धातूसाठी साल वापरावी. स्वतःच्या सांडपाण्यावर चाचणी घेतल्याशिवाय यंत्रणा उभारू नये आणि प्रक्रियेतील बदलासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राच्या अटी आधी तपासाव्यात.

एक अपवाद मात्र काटेकोरपणे पाळावा. तुमच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, सायनाइड असेल, तर तांबे, जस्त, कॅडमियम हे धातू सायनाइडशी जोडलेल्या ऋण आयनांच्या रूपात असतात. ते सालीला धरत नाहीत आणि चुन्यानेही नीट बसत नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की साल चांगली चालावी म्हणून अशा पाण्यात आम्ल घातल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू बाहेर पडतो. सायनाइडचे पाणी वेगळ्या टाकीत ठेवून, आम्लारी स्थितीत क्लोरीनच्या प्रक्रियेने आधी पूर्ण नष्ट करावे, चाचणीने तशी खात्री करावी, आणि त्यानंतरच ते इतर सांडपाण्यात मिसळावे.